मधुमेहासाठी धावताना: उपनगरांतल्या दौडींचा आढावा

दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या आगेमागे येणाऱ्या रविवारी मुंबईच्या उपनगरांत मधुमेहासाठी दौडी आणि पदयात्रा निघतात. कुठे एखादे रुग्णालय पुढाकार घेते, कुठे लायन्स किंवा रोटरीचा स्थानिक क्लब, तर कुठे शेजारच्या गृहसंकुलांतली मंडळी एकत्र येतात. नावनोंदणीचे शुल्क, टी-शर्ट, छातीवर लावायचा क्रमांक, सुरुवातीला झुंबा, शेवटी पदक आणि नाश्ता, बाजूला शुगर तपासण्याचे टेबल असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. जमलेला पैसा मधुमेही मुलांच्या इन्सुलिनसाठी, तपासणी शिबिरांसाठी किंवा शाळांतल्या आरोग्यशिक्षणासाठी दिला जातो. यामागचा हेतू चांगला आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो परिणामाचा. अशा दौडींनी मधुमेह टळतो का, टळत असेल तर कोणाचा, आणि त्यासाठी दौडीच्या आधी व नंतर काय घडावे लागते, यावर डॉक्टर, संयोजक आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक यांचे एकमत नाही. उपलब्ध पुरावा पाहता माझे मत असे झाले आहे की दौडीचा उपयोग किती जण धावले यावर फारसा अवलंबून नसतो. ती कोणाला घराबाहेर काढते आणि नंतरचे वर्षभर त्यांच्याशी संपर्क ठेवते की नाही, यावर तो ठरतो. या मताला विरोध करणारी आणि त्याला मुरड घालणारी बाजूही भक्कम आहे. तीही पुढे मांडतो.

दोन प्रवाह

मधुमेही माणसाला त्याचा आजार नीट समजावून द्यायला हवा, ही कल्पना मुंबईला नवी नाही. डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५५ साली याच शहरात स्थापन झाली. डॉ. एस. एस. आजगावकर हे तिच्या उभारणीतले प्रमुख नाव. माहीमचे रहेजा रुग्णालय याच संस्थेच्या प्रयत्नांतून उभे राहिले. या परंपरेचा भर आधीच निदान झालेल्या रुग्णावर होता: पथ्य कसे सांभाळायचे, इन्सुलिन कसे टोचायचे, पायाची जखम कशी जपायची. प्रतिबंधाचा विचार लोकांपर्यंत पोहोचला तो बराच नंतर. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशन आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन पाळायला सुरुवात केली आणि त्यासाठी इन्सुलिनच्या शोधातले एक शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांचा १४ नोव्हेंबर हा जन्मदिवस निवडला. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव करून त्या दिवसाला मान्यता दिली. लायन्स क्लब्ज इंटरनॅशनलने २०१७ मध्ये, शताब्दी वर्षात, मधुमेह हा आपल्या जागतिक सेवाकार्याचा विषय ठरवला. उपनगरांतल्या अनेक पदयात्रांमागे लायन्सचे फलक दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरा प्रवाह धावण्याचा. एखाद्या कार्यासाठी धावायचे आणि ओळखीच्यांकडून देणग्या मिळवायच्या, ही पद्धत १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स या एका पायाच्या तरुणाने कर्करोग संशोधनासाठी केलेल्या दौडीनंतर जगभर पसरली. १९८१ पासूनच्या लंडन मॅरेथॉनने तिला मोठे रूप दिले. मुंबईत ती रुजली १५ फेब्रुवारी २००४ च्या पहिल्या मॅरेथॉनपासून. तिच्यातल्या ‘ड्रीम रन’ने सामान्य नोकरदाराला आणि गृहिणीला रस्त्यावर आणले. फलक हातात घेऊन निघालेले संस्थांचे गट तिथेच शहराच्या ओळखीचे झाले. मुख्य शर्यतीचा मार्ग दक्षिण मुंबईकडे झुकलेला असला तरी तिची तयारी उपनगरांत होते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, गोरेगावची आरे वसाहत, पवई तलावाचा काठ, मुलुंडचे डोंगरपायथ्याचे रस्ते इथे पहाटे धावणारे गट तयार झाले. त्यांच्यातूनच आपल्या भागात आपली दौड काढण्याचा उत्साह आला. आजची मधुमेह दौड या दोन प्रवाहांच्या संगमावर उभी आहे, आणि तिच्याबद्दलचे बरेच मतभेद त्यातूनच येतात. रुग्णशिक्षणाच्या परंपरेला सातत्य हवे असते, धावण्याच्या सोहळ्याला गर्दी.

आजाराचे आकारमान

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. शेजारच्या गोव्यात ते सर्वाधिक, २६.४ टक्के. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या मर्यादेत निघाली, आणि पुरेशी फळे-भाज्या न खाणाऱ्यांचे प्रमाण ९४ टक्के होते. हालचालीबद्दलचा आकडाही बोलका आहे: २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार निम्मे भारतीय प्रौढ, नेमके सांगायचे तर ४९.४ टक्के, पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. हे शेवटचे दोन आकडे या लेखात पुन्हा लागतील.

घरोघरी ‘बॉर्डरवर आहे’ असे ज्याबद्दल सहज बोलले जाते, ती अवस्था प्रतिबंधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. गोळी सुरू झालेली नसते, त्रास काही नसतो, आणि म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. दौडीचे संयोजक नेमके याच लोकांना हाक मारू पाहतात.

पुरावा काय सांगतो

चालताना-धावताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावर काही काळ शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारलेला राहतो, पण तो दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून वर्षातून एकदा धावलेल्या पाच किलोमीटरने साखरेवर टिकाऊ परिणाम होईल असे कोणताही जाणकार म्हणत नाही. मधुमेह टळतो हे दाखवणारे प्रयोग वेगळ्या धाटणीचे होते. चीनमधल्या डा-चिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेला प्रयोग सहा वर्षे चालला; ३० वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात, ज्यांनी आहार-व्यायाम सांभाळला त्यांना मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले. अमेरिकेतल्या २००२ च्या प्रयोगात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम या उद्दिष्टांनी धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनशैलीतल्या बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्याच अभ्यासात, ज्यांना काहीच विशेष सल्ला मिळाला नाही त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. बॉर्डरवरचा भारतीय माणूस किती झपाट्याने पलीकडे जातो, हे या आकड्यावरून कळते.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. माणसाशी पुन्हा पुन्हा संपर्क साधला गेला. तो महाग असलाच पाहिजे असेही नाही. रामचंद्रन यांच्याच गटाने नंतर मोबाइलवर नियमित संदेश पाठवून केलेल्या प्रयोगात पुरुषांमधला धोका ३६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र वस्तीपातळीवरचे काम कागदावर दिसते तितके सोपे नाही, हे केरळने दाखवले. तिथे ६० मतदान क्षेत्रांत हजारभर लोकांचे गट करून, त्यांच्यातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन वर्षभर कार्यक्रम चालवला गेला. फळे-भाज्यांचे सेवन वाढले, तंबाखू आणि दारू कमी झाली, पण मधुमेहाच्या प्रमाणातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. वर्षभराच्या कार्यक्रमाची ही गत असेल, तर दोन तासांच्या दौडीकडून किती अपेक्षा करायची, हा शंकेखोरांचा सवाल रास्त आहे.

इथे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाची आठवण करायला हवी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपले स्वतःचेच फोटो छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखे, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी लपलेली असते, हा त्यांचा मुद्दा. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा व्यायाम रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरता आहे, असेही त्यात मोकळेपणाने नोंदवले होते. पण याज्ञिक यांनी जन्माच्या वेळच्या कमी वजनाकडे आणि आईच्या गर्भातल्या कुपोषणाकडेही बोट दाखवले. पुढच्या त्यांच्या संशोधनाचा रोख त्याच दिशेला राहिला. मधुमेहाची मुळे इतकी मागे जात असतील, तर चाळिशीतल्या माणसाला धावायला लावणे हा प्रतिबंधाचा एक हिस्सा झाला, सगळा प्रतिबंध नव्हे. गरोदर स्त्रीचा आहार आणि तिची साखर तपासणी यांवर एकही फलक नसलेली मधुमेह दौड त्या अर्थी अपुरी आहे.

समर्थकांचे म्हणणे

दौडीच्या बाजूने बोलणारे हे सर्व जाणतात. त्यांचा पहिला मुद्दा असा की रोगाची भीती दाखवून माणूस हलत नाही. शेजारी, सहकारी, नातेवाईक निघाले की हलतो. दौडीची तारीख ठरली की तीन महिने आधी सराव सुरू होतो, आणि आरोग्याला लाभ होतो तो या सरावाचा. दुसरा मुद्दा लाजेचा. लग्न जमवताना मुलीचा मधुमेह लपवणारी, कार्यालयात इन्सुलिन घ्यायला संकोचणारी माणसे आपल्या आसपास आहेत. पाठीवर ‘मला टाइप १ मधुमेह आहे’ असे लिहून धावणारी मुलगी हा संकोच एका सकाळी जितका मोडते, तितका दहा भाषणांनी मोडत नाही. तिसरा मुद्दा पैशांचा आणि माणसांचा: दौडीमुळे असे देणगीदार आणि स्वयंसेवक मिळतात जे एरवी पत्रकाला उत्तरही देत नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये युनायटेड वे मुंबईच्या माध्यमातून दरवर्षी शेकडो संस्था निधी उभारतात. उपनगरी दौडी त्याच धर्तीवर, लहान प्रमाणात चालतात.

दुसऱ्या मुद्द्याला मी सर्वाधिक वजन देतो, पण त्यातच एक अडचण दडलेली आहे. टाइप १ मधुमेह बहुतेकदा लहानपणी होतो, त्याचा आळसाशी किंवा गोड खाण्याशी संबंध नाही आणि व्यायामाने तो टाळता येत नाही. ‘धावा आणि मधुमेह टाळा’ असे फलक आणि इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलांसाठी निधी या दोन गोष्टी एकाच मैदानात शेजारी ठेवल्या, की त्या मुलांच्या आईवडिलांना ‘तुम्ही काळजी घेतली नाहीत का?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. दोन आजार वेगळे आहेत हे स्पष्ट लिहायला एक ओळ पुरते.

आक्षेप

सर्वांत वारंवार घेतला जाणारा आक्षेप असा की दौडीला येतात ते आधीच धडधाकट असलेले. लोखंडवाला किंवा मुलुंडच्या उच्चभ्रू संकुलातला, मनगटावर घड्याळ बांधून धावणारा माणूस शुल्क भरून येतो; असल्फाच्या टेकडीवर राहणारी, चार घरची कामे करणारी बाई येत नाही. मघाचे ४२ आणि ५७ टक्के इथे आठवावेत. बोरिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या आणि रात्री घरी येऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या स्त्रीला इच्छाशक्तीपेक्षा वेळ हवा असतो. संयोजकांचे उत्तर असते की धडधाकट लोकांच्या शुल्कातूनच गरजूंची शिबिरे होतात. हे उत्तर खरे असू शकते, पण मग तो निधी उभारणीचा कार्यक्रम आहे असे म्हणावे. प्रतिबंधाचा दावा वेगळा सिद्ध करावा लागेल.

दुसरा आक्षेप जागेचा. मुंबईत दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. जिथे फुटपाथ मोकळे नाहीत तिथे ‘चाला’ असे सांगणे म्हणजे जबाबदारी एकट्या माणसावर ढकलणे, असे नगररचनेचे अभ्यासक म्हणतात. हवेचा प्रश्नही याला जोडलेला आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या दीर्घ अभ्यासात हवेतले अतिसूक्ष्म कण दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की टाइप २ मधुमेहाचा धोका २२ टक्क्यांनी वाढल्याचे २०२३ मध्ये समोर आले. नोव्हेंबर ते जानेवारी हाच मुंबईत दौडींचा हंगाम आणि हाच खराब हवेचा काळ. या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर देणारे प्रयोग उपनगरांत झाले आहेत. २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझ भागात ‘इक्वल स्ट्रीट्स’ उपक्रमात रविवारी सकाळी रस्ते वाहनांसाठी बंद ठेवले गेले. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केले, त्यात लोखंडवाला आणि मुलुंडच्या रस्त्यांचाही समावेश होता. शुल्क नाही, नोंदणी नाही, आजीपासून नातवापर्यंत सगळे. माझ्या मते प्रतिबंधाच्या कसोटीवर असा दर आठवड्याचा मोकळा रस्ता वर्षातल्या एका दौडीपेक्षा वरचढ आहे. पण त्याला प्रायोजक मिळणे कठीण, आणि प्रशासनाचा उत्साह ओसरला की तो बंद पडतो.

जोखमीचा आक्षेप त्या मानाने लवकर निकालात निघतो. २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एका ज्येष्ठ सहभागीचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला, तेव्हा बरीच चर्चा झाली. अमेरिकेतल्या एक कोटीहून अधिक धावपटूंच्या अभ्यासात अर्ध आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचे प्रमाण लाखात ०.५४ इतके आढळले. धोका थोडा आहे, पण मधुमेह्यांची दौड असेल तर काळजी वाढवावी लागते: इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर वाटेत घसरू शकते, आणि पायाची संवेदना गेलेल्याला बुटातला खडाही कळत नाही.

तपासणीचे टेबल

शिक्षणाच्या दृष्टीने दौडीतली कळीची जागा कोपऱ्यातले ते टेबल. स्वयंसेविका बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर घेते, पाच सेकंदांत आकडा येतो. समजा तो १७२ आला. माणसाने नुकतेच पोहे आणि गोड चहा घेतलेला असतो, किंवा धावून आलेला असतो. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषानुसार केव्हाही घेतलेली साखर १४० च्या वर असेल तर पुढच्या तपासणीला पाठवायचे. निदानासाठी उपाशीपोटी १२६ किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी ६.५ ही मर्यादा गाठली आहे का, हे प्रयोगशाळेत पाहावे लागते. पण टेबलावरची चिठ्ठी खिशात जाते, पदकाबरोबर फोटो निघतो आणि माणूस घरी जातो. ‘पोहे खाल्ले होते म्हणून आली’ असे स्वतःला समजावणे सोपे असते. उलट ११० आला तर ‘मला काही नाही’ असा खोटा दिलासाही मिळतो.

सरसकट तपासणीच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत खरोखरच मतभेद आहेत. इंग्लंडमधल्या केंब्रिज परिसरात जोखीम असलेल्या वीस हजार लोकांचा दहा वर्षे मागोवा घेतल्यावर, तपासणीला बोलावल्याने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. तो निष्कर्ष २०१२ चा. भारतात निदानच न झालेल्यांचा वाटा मोठा असल्याने इथे चित्र वेगळे असेल, असे अनेक भारतीय डॉक्टर मानतात, आणि त्यात तथ्य वाटते. मात्र दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: पाठपुरावा नसलेली तपासणी वाया जाते. मुंबईत पाठपुराव्याची जागा उपलब्ध आहे. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी ही महापालिकेची रुग्णालये आणि वस्त्यांमधले ‘आपला दवाखाना’ इथे संशयिताला पाठवता येते. टेबलावरून दवाखान्यापर्यंतची ती साखळी जोडणे हे दौडीच्या संयोजकांचे काम मानले जात नाही. ते मानले जावे.

या संदर्भात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेकडे पाहणे उपयोगी ठरते. दोनदाच जेवण्याच्या त्यांच्या आग्रहावर आहारतज्ज्ञांनी टीका केली आहे आणि नियंत्रित प्रयोगांचा पुरावा तोकडा असल्याचे दाखवले आहे. ती चर्चा संपलेली नाही. पण मोहिमेची बांधणी लक्षात घेण्याजोगी आहे: सुरुवातीला रक्ततपासणी, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, विनामूल्य व्हॉट्सॲप गट, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मराठी घरांत ती पोहोचली याचे श्रेय आहाराच्या सिद्धांताइतकेच या सलग संपर्काला आहे, असे मला वाटते.

काय अनुत्तरित आहे

दौडीत भाग घेतलेल्यांची हालचाल वर्षभरानंतर किती टिकली, याचा भारतीय शहरांतला नीट अभ्यास झालेला माझ्या पाहण्यात नाही. परदेशात ब्रिटनमधल्या ‘पार्करन’सारख्या साप्ताहिक, विनामूल्य उपक्रमांवर बरेच लिहिले गेले आहे, पण तिथली उद्याने आणि इथले रस्ते यांची तुलना जपून करावी लागते. प्रायोजकांचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे. पदकाबरोबर गोड रसाचे पाकीट आणि बिस्किटे हातात पडली, तर तासभराच्या प्रबोधनावर पाणी फिरते. दुसरीकडे असा प्रायोजक नाकारला तर दौडच होत नाही, ही लहान संयोजकांची अडचण खरी आहे. औषध कंपन्यांच्या मदतीबद्दलही हेच म्हणता येईल. आणि शुल्काच्या रकमेतला किती हिस्सा टी-शर्ट, पदके, रुग्णवाहिका यांवर गेला आणि किती कार्याला मिळाला, हे दर वेळी जाहीर होतेच असे नाही.

यातल्या बऱ्याच प्रश्नांना मोठ्या संशोधनाची वाट पाहावी लागेल. एकाला नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या संयोजकांना विनंती आहे की या १४ नोव्हेंबरला टेबलावर १४० च्या वर आकडा आलेल्या प्रत्येकाचा फोन क्रमांक त्याच्या संमतीने घ्यावा, आठवड्याभरात त्याला फोन करावा, जवळच्या पालिका दवाखान्यात पाठवावे आणि फेब्रुवारीत पुन्हा विचारावे. पुढच्या वर्षीच्या पत्रकावर किती जण धावले याच्या शेजारी, पाठवलेल्यांपैकी किती जण दवाखान्यात पोहोचले हा आकडाही छापावा.